वेढण्याचा आकडा

डॉ. हेमांगी पिंगळेला टीव्हीवर बोलायला बोलावलं की तिचं एक वाक्य ठरलेलं असायचं. माणसाच्या बोटात काय दडलंय ते त्याला विचारल्याशिवाय बघायचं नाही, असं ती बजावायची. बोलताना चष्मा काढून हातात धरायची, त्यामुळे वाक्याला वजन यायचं. पुढे कायदा झाला तेव्हा मंत्र्यांनीही भाषणात हेच वाक्य वापरलं आणि स्वतःचंच असल्यासारखं वापरलं. तिने मनावर घेतलं नाही. कायदा झाला याचंच तिला समाधान होतं.

कायदा करावा लागला, कारण लोकांनी ताळ सोडला होता. हेमांगीच्या नाशिकच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं बोट तपासायचं यंत्र गावोगावच्या दवाखान्यांत पोचलं आणि त्यामागोमाग ते नको तिथेही पोचलं. विमावाले त्याने काढलेला आकडा मागू लागले, कारखानदार मागू लागले. विवाहमंडळांनी तर कहर केला. स्थळाच्या माहितीत उंची, शिक्षण, नोकरी आणि त्याखाली वेढण्याचा आकडा. पूर्वी गुण जुळवायचे, आता आकडे जुळवू लागले. हेमांगीच्या स्वतःच्या लग्नात पत्रिका काढलीच नव्हती, आणि सासरच्या म्हाताऱ्या मंडळींना तिने त्यावरून चार शब्द सुनावलेही होते. तिने विवाहमंडळांविरुद्ध रान उठवलं. लग्नासाठी किंवा नोकरीसाठी कोणाचाही आकडा काढायचा नाही आणि इतर कशासाठीही काढायचा झाला तरी आधी संमती घ्यायची, असा नियम झाला तो तिच्यामुळे.

एवढं सगळं करून या बाईने स्वतः काय केलं, त्याची ही गोष्ट.

वेढणं हे नाव प्रयोगशाळेतल्या मुलांनी ठेवलं होतं. टेबलावर बसवलेलं ते जाड कडं बोटातल्या वेढण्यासारखंच दिसायचं, फक्त सोन्याच्या जागी चुंबक होतं. आत चालायचं ते काम मात्र सुरेख होतं. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात आणि त्यांची केंद्रकं इवल्याशा लोहचुंबकांसारखी वागतात. मोठ्या चुंबकात ठेवली की ती वळणावर येतात. मग रेडिओलहरीचा एक टोला दिला की सगळी एका तालात फिरू लागतात, आणि थोड्याच वेळात तो ताल सुटतो. ताल सुटायला किती वेळ लागला, तो शिथिलनकाल, आणि तोच वेढण्याचा आकडा. त्यावरून द्रवातले रेणू किती चपळपणे हलतात ते कळतं, कारण ताल मोडतो तो शेजारपाजारच्या चुंबकांच्या ओढाताणीमुळे.

हेमांगी विद्यार्थ्यांना लग्नाच्या हॉलचं उदाहरण द्यायची. गर्दीतून जो भरभर गिरक्या घेत जातो त्याला कोणी धरू शकत नाही. जो रेंगाळतो त्याला जो तो हाताला धरून 'जेवलात का?' विचारतो आणि त्याच्या चालीचा पार विचका होतो. पाण्याच्या रेणूचंही तसंच. रक्तात छुपा दाह असला की प्रथिनं वाढतात, पाणी त्यांच्या गराड्यात सापडून रेंगाळतं, ताल लवकर सुटतो आणि आकडा खाली येतो. मूत्रपिंडं बिघडायच्या कितीतरी वर्षं आधी बोटातलं पाणी ही चाहूल देतं. बोट ऊबदार पिशवीत ठेवायचं, मग वेढण्यात घालायचं, सुई नाही की टोचणं नाही.

तिने हा ध्यास घेतला तो नवऱ्यामुळे. अविनाशच्या दाहाची चाहूल कोणालाच लागली नव्हती. कळलं तेव्हा डायलिसिसवाचून मार्ग उरला नव्हता. त्यानंतरची वर्षं हेमांगीने घर आणि दवाखाना अशी काढली. मल्हार तेव्हा शाळेत होता. वडिलांच्या दंडावरची डायलिसिसने फुगलेली शीर तो डोळ्यांनी टाळायचा. अविनाश गेला आणि हेमांगीने वेढणं पुरं केलं.

आता मल्हार लग्नाचा झाला होता आणि मुलगीही त्यानेच शोधली होती. पिंपळगावची शर्वरी बोरस्ते. द्राक्षांच्या एका मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये ती मालाची प्रत तपासायची. दोन्ही घरं खूश होती. सुपारी फुटायची बाकी होती, ती संक्रांत झाल्यावर फोडू असं ठरलं होतं.

त्या जानेवारीत एके दिवशी शर्वरी प्रयोगशाळा बघायला आली. सीझन ऐन भरात होता, कामावरून सुटली ती तशीच स्कूटरवर थेट इकडे आली. मल्हार दारात वाट बघत होता. पोरगी बोलकी. निर्यातीची द्राक्षं किती लाडाची असतात, पेटी उघडायला जरा वेळ लागला तरी देठ कसे रुसतात, हे तिने असं काही रंगवून सांगितलं की प्रयोगशाळेतली मुलं काम सोडून ऐकत बसली. मग वेढण्यापाशी येऊन तिने विचारलं, "काकू, मी घालून बघू बोट?"

शाळांच्या सहली यायच्या त्यांच्यासाठी यंत्रात एक सोय होती. पिशवी नको, थांबणं नको. बोट घातलं की पडद्यावर निळे थेंब नाचायचे. आकडा दिसायचा नाही, नोंद व्हायची नाही. हेमांगीने तीच सोय चालू केली. थेंब नाचले, शर्वरी हसली, मल्हारने फोटो काढला आणि दोघं मिसळ खायला कॅन्टीनमध्ये गेली.

आकडा दिसत नसला तरी आतला मूळ संकेत संध्याकाळपर्यंत यंत्रात राहतो, हे तिथे फार थोड्यांना माहीत होतं. हेमांगीला माहीत होतं, कारण ती तरतूद तिचीच. ती खुर्चीवर बसली. आपण काय करतोय ते तिला पुरतं कळत होतं. तिने उठून दार लोटून घेतलं, यावरूनच ते सिद्ध होतं. बोट तर तिनेच घातलं, आपण कुठे मागितलं, असं ती मनाशी म्हणाली. संकेत उघडला, त्याच्या उतारावर रेषा बसवून हिशेब केला आणि आकडा वाचला.

तो लाल, धोक्याच्या पट्ट्यात होता. चांगला खोल.

तिने पुन्हा रेषा बसवली. आकडा तोच. कॅन्टीनमधून दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता. हेमांगीला अविनाशचा दंड आठवला, आणि डायलिसिसच्या खुर्चीशेजारी दिवस दिवस बसलेली ती स्वतः. आता त्या जागी मल्हार बसणार. तिने संकेत पुसून टाकला आणि बाहेर येऊन शर्वरीला विचारलं, मिसळ आवडली का? स्वतःचा तो गोड आवाज ऐकून तिला कसंतरीच झालं.

पुढचे काही दिवस ती घरात तुटक वागली. सुपारीचं विचारलं की बघू म्हणायची. शेवटी मल्हारने तिला स्वयंपाकघरात गाठलं आणि काय ते सांग म्हणाला. तिने सांगितलं. सांगताना तिची तयारी होती की तो भडकेल. तू असं करूच कसं शकलीस, असं म्हणून ताट सरकवून निघून जाईल. मनातून तिला तेच हवं होतं. त्याने चांगलं खडसावलं असतं तर निम्मा भार उतरला असता.

मल्हार भडकला नाही. त्याने विचारलं, "किती खाली?"

तिने सांगितलं. त्याने मान हलवली. त्याचा चेहरा शाळेत असताना व्हायचा तसा झाला. दुसऱ्या दिवशी त्याने शर्वरीला कळवलं की मला थोडा वेळ हवा आहे. कशासाठी ते सांगितलं नाही. कसं सांगणार? कारण सांगायचं तर आईने कायदा मोडला तेही सांगावं लागलं असतं. आणि खरं कारण हे, की त्यालाही भीती वाटली होती. हेमांगीला ती दिसली. ती तिनेच त्याच्यात पेरली होती.

संक्रांत आली आणि गेली. पिंपळगावहून तिळगुळाचा डबा आला. इकडून काहीच गेलं नाही.

मग एका सकाळी शर्वरीचे वडील, प्रल्हादराव, घरी आले. येताना त्यांनी द्राक्षांची पेटी आणली होती, ती दाराशी ठेवून ते खुर्चीच्या कडेवर बसले. मल्हार कामावर गेलेला. हेमांगीने चहा टाकला. प्रल्हादराव इकडचं तिकडचं बोलले, यंदा थंडी किती लांबली ते बोलले, आणि मग शर्टाच्या आतून त्यांनी प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळलेला कागद काढला. ती शर्वरीची पत्रिका होती. नवी करकरीत, कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलेली.

"ताई, आमच्याकडं हे कोणी मानत नाही," ते म्हणाले. "तुम्ही पण मानत नाही असं ऐकून होतो. पण घरात मोठी माणसं असतील, कोणाच्या मनात असंल काही. तोंडावर मागायला संकोच वाटला असंल. म्हणून करूनच आणली. दाखवा कोणाला दाखवायची ती."

हेमांगीला तो कागद हातात घ्यावा लागला. सासरच्या म्हाताऱ्यांना चार शब्द सुनावणारी ती बाई आज दिवाणखान्यात दुसऱ्याच्या मुलीची पत्रिका धरून उभी होती, आणि ती परत करायचंही तिला धैर्य होईना. परत करायची तर मग कारण काय, हे सांगावं लागलं असतं. तिची मान वर होईना. प्रल्हादरावांना वाटलं, अजून काही शंका आहे. त्यांनी आपणहून मुलीची तब्येत सांगायला सुरुवात केली. बाजारात माल पटवावा तसं एक बाप आपल्या लेकीबद्दल बोलत होता आणि हेमांगीला ते मुकाट्याने ऐकावं लागत होतं.

"कधी डोकं दुखलं म्हणून झोपलेली बघितली नाही तिला. सीझनमध्ये हात तेवढे गार पडतात, दुसरं काही नाही. दिवसभर त्या गारठ्यात पेट्या उघडून बघती, हातमोजे घालती नाही, घातले का मणी नीट चाचपता येत नाही म्हणती. घरी आली का किती वेळ हात शेकत बसती. बाकी खणखणीत."

हेमांगीने कप खाली ठेवला.

कोल्ड स्टोरेजमधून निघून, जानेवारीच्या थंडीत, हातमोज्यांशिवाय, स्कूटरवरून थेट वेढण्यात. गार पाणीही रेंगाळतं. दाह नको, प्रथिनं नको, नुसतं गार असलं तरी रेणू मंदावतात आणि ताल लवकर सुटतो. ऊबदार पिशवी असते ती त्यासाठीच. बोट शरीराइतकं गरम झाल्याशिवाय यंत्र आकडा देत नाही, तो नियम तिचा होता, आणि कोणी नवखा ती पायरी गाळायला गेला तर हेमांगी त्याची खरडपट्टी काढायची. रीतसर मोजलं असतं तर ही चूक झालीच नसती. चोरून मोजायचं म्हणून सहलीच्या पोरांची सोय वापरली, आणि वाचताना मात्र तो आकडा खरा धरला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला तिने यासाठी वर्गाबाहेर काढलं असतं.

प्रल्हादराव गेल्यावर ती प्रयोगशाळेत गेली. बर्फाच्या पाण्यात स्वतःचा हात बुडवला, बधिर होईपर्यंत ठेवला आणि मग पुसून, सहलीचीच सोय लावून, बोट वेढण्यात घातलं आणि आतला संकेत उघडला. तिचा स्वतःचा आकडा लाल पट्ट्यात गेला. शर्वरीपेक्षाही खोल. मग पिशवीत हात गरम करून पुन्हा घातलं, तेव्हा तो जिथे असायला हवा तिथे आला. ती तिथेच बसून राहिली. मदतनीस मुलीने विचारलं, मॅडम, बरं नाही का? हेमांगी म्हणाली, बरं आहे. हीच तर अडचण होती. सगळ्यांचं बरं होतं.

मल्हारला तिने संध्याकाळी सांगितलं. त्याचा चेहरा उजळला. म्हणजे ती ठीक आहे ना, असं त्याने विचारलं आणि फोन उचलला. लगेच, आईच्या देखत, काहीच झालं नसल्यासारखा. हेमांगीने त्याच्या हातातला फोन खाली ठेवायला लावला. आधी मी जाऊन माफी मागते, म्हणाली. तो म्हणाला, बरं, पण जातेस तर यंत्रही घेऊन जा. वेढण्याचं एक छोटं रूप होतं, पेटीत मावणारं, खेडोपाडी न्यायला केलेलं. शर्वरीला तिच्यासमोरच नीट मोजून दाखवू, म्हणजे तिच्यावरचा डाग पुसला जाईल, असा त्याचा विचार होता. हेमांगीलाही तो पटला. सकाळी तिने पेटी गाडीत मागच्या सीटवर ठेवली, ऊबदार पिशवीही आठवणीने घेतली, आणि संमतीचा कागदसुद्धा. या वेळी सगळं रीतसर.

कोल्ड स्टोरेजच्या आवारात ट्रक लागले होते. शर्वरी जाड जाकीट घालून बाहेर आली. काकूंना बघून क्षणभर तिचा चेहरा खुलला आणि मग तिने तो आवरला. आत बसायला जागा नव्हती. दोघी आवाराच्या भिंतीपाशी उन्हात उभ्या राहिल्या.

हेमांगीने काही लपवलं नाही. दार लोटून घेतलं इथपासून बर्फाच्या पाण्यापर्यंत सगळं सांगितलं. मल्हारला सांगितल्याचंही. यंत्राचा दोष नाही, माझा आहे, असं म्हणाली. तू तक्रार केलीस तर मी कबूल करीन, हेही म्हणाली. बोलताना ती शर्वरीच्या लाल झालेल्या बोटांकडे बघत होती, कारण तोंडाकडे बघवत नव्हतं.

"म्हणजे आकडा चुकला, म्हणून आलात," ती शेवटी म्हणाली.

"चूक माझी होती, शर्वरी. म्हणून आले."

"बरोबर आला असता तर?"

हेमांगीने उत्तर शोधलं. ती हुशार बाई होती, परिषदांत अवघड प्रश्नांना तिने उभ्या उभ्या उत्तरं दिली होती. इथे एकच खरं उत्तर होतं आणि ते दोघींनाही माहीत होतं. बरोबर आला असता तर ती आली नसती. स्थळ मोडलं असतं, प्रल्हादरावांनी पत्रिकेला दोष दिला असता, आणि हेमांगी टीव्हीवर जाऊन चष्मा काढून बोलत राहिली असती.

"पप्पांनी गावभर फिरून पत्रिका करणारा शोधला," शर्वरी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "घरात रोज बसून मी काय चुकीचं बोलले असेन त्याचा विचार करायची. तुमच्याकडं बोलताना जास्त हसले का, मिसळ खाताना काही बोलले का. आई म्हणायची, तू फार बोलती." मग तिने विचारलं, "आता मग पुढं काय? परत मोजायचं?"

हेमांगीची नजर गाडीकडे गेली, आणि शर्वरीने ती पाहिली. मागच्या सीटवरची पेटी काचेतून दिसत होती.

"आणलंय," शर्वरी म्हणाली.

"तुला दाखवायला. तुझं नाव निर्मळ व्हावं म्हणून—"

ते वाक्य तोंडातून निघालं आणि हेमांगीला स्वतःचीच किळस आली. निर्मळ. इतक्या वर्षांत विवाहमंडळांशी भांडताना समोरची माणसं नेमका हाच शब्द वापरायची.

शर्वरीने जाकिटाच्या बाह्या खाली ओढून हात आत घेतले.

"मल्हारचं बोट कधी घातलंय तुम्ही त्यात?"

नव्हतं घातलं. गावोगावची बोटं त्या कड्यातून गेली, परदेशातून आलेल्या पाहुण्यांची गेली, पण मल्हारचं कधीच नाही. वडिलांचं तसं झालं म्हटल्यावर खरं तर पहिलं बोट त्याचंच असायला हवं होतं. हेमांगीने दर वर्षी ते पुढे ढकललं होतं. मल्हारनेही कधी विचारलं नव्हतं. तिला भीती वाटायची. स्वतःच्या लेकाबद्दल न कळलेलंच बरं वाटत होतं, आणि दुसऱ्याच्या लेकीबद्दल ते कळून घ्यायला तिला मिसळ संपायचाही धीर धरवला नव्हता. हे तिला आज, या भिंतीपाशी, पहिल्यांदा धडधडीत दिसलं. तिने नकारार्थी मान हलवली.

"त्याच्या बाबांचं मला त्यानं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं," शर्वरी म्हणाली. "पोरांना पण होऊ शकतं, ते मी वाचलं होतं. घरी मी कोणाला बोलले नाही. म्हटलं, झालं तर झालं, बघू." तिचे डोळे भरले होते, पण तिने ते पुसले नाहीत. "मी त्याचा आकडा मागितला नाही, काकू. मनात पण आला नाही."

ट्रकवाल्याने हॉर्न दिला. आतून कोणीतरी तिला हाक मारली. येते, असं ती ओरडली आणि हेमांगीकडे वळून शांतपणे म्हणाली, "तक्रार मी करणार नाही. पप्पांना मात्र तुम्ही सांगा, तुमच्या तोंडानं. अडलं ते पत्रिकेपायी नव्हतं, हे त्यांना कळू दे. आणि मल्हारला सांगा, वेळ पाहिजे होता ना, तो दिला. सगळाच दिला."

ती आत गेली. जाड पडदा बाजूला झाला, गार हवेचा झोत बाहेर आला आणि पडदा पडला.

हेमांगी गाडीत येऊन बसली. पिंपळगावात प्रल्हादरावांचं घर कुठे, ते तिला विचारत जावं लागणार होतं. तेवढ्यात फोन वाजला. मल्हार होता. तो सकाळपासून वाट बघत असणार.

"आई, या वेळी तिचा हात नीट गरम करून घेतलास ना?" त्याने विचारलं. "किती आला?"

हेमांगीला भर उन्हात कानांपर्यंत लाज वाटली. शर्वरी काय म्हणाली, हे त्याने विचारलं नव्हतं. ती कशी आहे, हेही नाही. आणि त्याला बोल लावायची सोय नव्हती. असा प्रश्न विचारणारा मुलगा तिनेच वाढवला होता.

"मोजला नाही," ती म्हणाली. "ती नाही म्हणाली, मल्हार. आणि तिचं बरोबर आहे."

त्याने हळू आवाजात विचारलं, "माझ्यामुळे?"

तुझा दोष नाही रे, असं म्हणायची तिची इतक्या वर्षांची सवय होती. या वेळी ती तसं म्हणाली नाही.

"आपल्या दोघांमुळे," ती म्हणाली, आणि प्रल्हादरावांचं घर विचारायला गाडीतून उतरली.